विणलेलं सुती पॅड: नळीच्या पिशवीपासून पाडव्याच्या ब्लाऊजपर्यंतच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४

३ तारखेला उजवा स्तन आणि काखेतल्या गाठी (लसीका ग्रंथी) काढल्या. केमो त्याआधीच झाली होती. घरी येताना जखमेतून निघालेल्या दोन नळ्या आणि त्यांना जोडलेल्या प्लास्टिकच्या दोन डब्या बरोबर आल्या. त्या हातात धरून वावरलं की एक हात कायमचा अडकतो, आणि सध्या मोकळा हात एकच आहे. म्हणून आज पिशवी केली.

जुन्या सुती साडीच्या काठाजवळचा घट्ट भाग घेतला. मधोमध टीप मारून दोन कप्पे पाडले, म्हणजे डब्या एकमेकींवर आपटत नाहीत. मशीन लेकीनं चालवलं, मी डाव्या हातानं फक्त कापड सरकवलं. आधी शबनमसारखा लांब पट्टा लावून डाव्या खांद्यावरून तिरका घेतला. तो बरोबर ड्रेसिंगवर घासायला लागला. पट्टा काढून पिशवी परकराच्या नाड्यात ओवून कमरेला बांधली, तेव्हा जमलं. डब्या जखमेच्या खाली राहतात आणि स्वयंपाकघरात उभं राहता येतं. रात्री पिशवी गाऊनला सेफ्टी पिनेनं अडकवते. कूस बदलताना नळीला हिसका बसला की जीव कळवळतो.

सकाळ-संध्याकाळ डब्या रिकाम्या करून किती मि.लि. निघालं ते कालनिर्णयच्या चौकोनात लिहितोय, दुधाच्या हिशेबाशेजारीच. दोन्ही नळ्यांचे आकडे वेगवेगळे लिहा. काखेतली नळी जास्त दिवस वाहते. बेरीजच लिहिली तर कुठली आधी काढायची ते डॉक्टरांना कळत नाही.

खर्च काही नाही. वेळ अर्धी दुपार.

१७ डिसेंबर

छातीवरची नळी आधीच निघाली होती, काखेतली आज काढली. चोवीस तासांत ३० मि.लि.च्या खाली आल्याशिवाय काढायची नाही, असं आमच्या सर्जनचं गणित होतं. आता काखेखाली पाणी साठून फुगवटा येऊ शकतो. आला तर घरी दाबत बसायचं नाही, दाखवायला जायचं.

काढलेल्या स्तनाच्या जागी ब्लाऊजच्या आत लावायचं पॅड घरी करायचं का सुचलं ते लिहून ठेवते. छाती सपाट दिसते याचं मला वाईट वाटतंच, पण रोजची अडचण वेगळी आहे. डावी बाजू जड आणि उजवी रिकामी, त्यामुळे चालताना मी डावीकडे ओढली जाते आणि नकळत उजवा खांदा वर उचलून धरते. संध्याकाळी मान आखडलेली असते. ब्लाऊज तर उजवीकडून सरकत गळ्यापर्यंत येतं. रुमालाची घडी घालून पाहिली, ती पोटावर उतरली. दुकानात सिलिकॉनचं पॅड दाखवलं, साडेसहा हजार. ते पुढे कधी घेईनही, पण जखम कोवळी असताना इतकं जड काही लावू नका, असं सर्जननी सांगितलंय.

क्रोशानं विणलेली सुती पॅड बायका जगभर करतात. अमेरिकेतल्या बार्बरा डेमोरेस्ट यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर 'निटेड नॉकर्स' नावानं हे काम उभं केलं. आपल्याकडेही विणून फुकट देणाऱ्या बायका आहेत. मला क्रोशा लहानपणापासून येतो, रुखवताची तोरणं विणलेली आहेत. त्यामुळे स्वतःचं स्वतःच करायचं ठरवलं.

२६ डिसेंबर

सूत आणायला वहिनी इथल्या, कोल्हापूरच्या महाद्वार रोडला गेल्या. दुकानदारानं लोकर म्हणून ॲक्रिलिक दिलं. मऊ आहे, रंगही सुरेख. त्यात पहिला तुकडा विणून गाऊनच्या आत धरला, तर थोड्याच वेळात घाम आला आणि टाक्यांच्या रेषेवर चुणचुण सुरू झाली. ॲक्रिलिक बाद. त्याची टोपी होईल, केस अजून यायचेत. फोर प्लायचं सुती सूत परत मागवलं, फिकट बदामी, १०० ग्रॅमचे दोन गुंडे, ३२० रुपये. एका पॅडला एका गुंड्याहून कमीच लागतं.

खरी अडचण हाताची आहे. सुई उजव्या हातात आणि शस्त्रक्रियाही उजवीकडे. दंडाची आतली बाजू बधिर आहे. काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली दोरी ताणून बांधल्यासारखं होतं, हात लांब केला की ती दोरी डोळ्यांनाही दिसते. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, गाठी काढल्यावर पुष्कळ जणींना असं होतं, व्यायामानं सुटतं, घाबरून हात आखडून ठेवू नका. मग विणायची बैठकच बदलली. कोपराखाली उशी, म्हणजे खांद्यावर भार नाही. सुईचा दांडा बारीक होता, त्याला सुती पट्टी गुंडाळून जाड केला, म्हणजे मूठ आवळावी लागत नाही. विणकाम मांडीवर न ठेवता समोरच्या पाटावर ठेवते. गुंडा डाव्या हाताला. एक गोल पूर्ण झाला की उठायचं आणि भिंतीवर बोटं चढवायची. भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्यात, आजची खूण स्विचबोर्डच्या वर गेली.

गोधडी शिवायचा मोह झाला होता, सासूबाईंची अर्धी राहिलेली आहे. पण गोधडीत सुई टोचतेच. गाठी काढलेल्या हाताला जखमा टाळायच्या असतात, आत जंतू गेले तर हात सुजायला निमित्त मिळतं. क्रोशाच्या सुईचं टोक बोथट असतं. टोचायचं काम असेल तिथे अंगुस्तान घाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या.

४ जानेवारी २०२५

पुढचा भाग झाला. हा तिसऱ्या मापाचा. आधीचे दोन उसवले, एक टोपीसारखा टोकदार झाला होता आणि एक ताटलीसारखा चपटा. जमलेलं माप असं:

सुई ३ मि.मी. माझ्या हातानं १० सें.मी.मध्ये २३ मुके खांब (क्रोशाचा आखूड टाका) बसतात. सुरुवातीला सुताच्या फासात ६ मुके खांब. पुढच्या प्रत्येक गोलात ६ वाढवायचे, म्हणजे १२, १८, २४, ३० असं ८४ पर्यंत. घुमटाचा बाक यावा म्हणून मधे चार साधे, म्हणजे टाके न वाढवता विणलेले, गोल आहेत: ३० नंतर एक, ४८ नंतर एक, ६६ नंतर एक आणि ८४ नंतर एक. तयार तुकडा तळाशी साधारण साडेअकरा सें.मी. रुंद होतो. हा माझा आकार. तुमच्यासाठी ७२ ला थांबा किंवा ९६ पर्यंत जा. पाठीमागची चकती तशीच ८४ पर्यंत, मधले साधे गोल न घेता, म्हणजे सपाट येते.

वाढीचे टाके दर गोलात एकावर एक आले की षटकोन दिसायला लागतो, म्हणून जागा सरकवत जा. टाके घट्ट विणा, नाहीतर आतलं भरण फटींतून डोकावतं. पाठीची चकती मात्र सैल हवी, ती जखमेच्या टाक्यांच्या रेषेवर बसणार आहे. सुताच्या गाठी तर पाठीच्या बाजूला अजिबात येऊ देऊ नका. मुगाच्या दाण्याएवढी गाठही तिथे खुपते.

१४ जानेवारी

संक्रांत. उशीत भरतात तो फायबर पाव किलो आणला, ७० रुपये. त्यातला मूठभर लागला. भरून दोन्ही भाग जोडले, चार बोटांची जागा उघडी ठेवली आणि तिथे सुटणारा धागा ओवला, म्हणजे भरण कमीजास्त करता येतं. पूर्ण शिवून टाकू नका, पुढे किती वेळा उघडावं लागलं त्याची गणतीच नाही.

दिसायला सुंदर झालं. जुन्या सुती ब्रेसियरच्या आत धोतराच्या मलमलचा खिसा शिवला, तोंड काखेच्या बाजूला. शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले. तिळगूळ घ्यायला वाकले आणि पॅड वर सरकलं. मग बसले तोवर दर थोड्या वेळानं हात पदराखाली. आपला पदर डाव्या खांद्यावर जातो, डावी बाजू झाकली जाते आणि उजवी बाजूनं उघडी राहते. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला ही अडचण थोडी कमी येईल.

काकूंनी ते पाहिलं. घरी निघताना म्हणाल्या, "अगं, हलकं आहे ते. कापसाला कुठं बूड असतं?" अगदी बरोबर. पॅड ४० ग्रॅमसुद्धा नाही. त्याला खाली ओढणारं काहीच नाही, म्हणून कापड जिकडे सरकेल तिकडे ते सरकतं. इतके दिवस मी आकाराच्या मागे होते. आधी वजन पाहायला हवं होतं.

२० जानेवारी

आजपासून रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार रोज एक, एकूण १५. छातीवर जांभळ्या शाईनं रेघा मारल्यात, त्या पुसायच्या नाहीत. पॅडचं काम थांबलं. त्या कातडीवर काहीही घासू नये, ब्रेसियर तर नाहीच. ह्यांच्या जुन्या धुऊन विरलेल्या धोतराचे सैल झबले शिवून घेतले, पुढे बांधायचे बंद लावून. शाई कापडाला लागते आणि सुटत नाही, तेव्हा चांगलं कापड वापरू नका.

७ फेब्रुवारी

शेवटची बैठक झाली. कातडी तांब्याच्या भांड्यासारखी काळवंडली आहे, काखेत सोलली आहे. रेडिएशन संपल्यावरही आठवडाभर भाजणं वाढतच जातं, ते आधीच सांगितलं होतं म्हणून धीर राहिला. या दिवसांत विणलं काहीच नाही. स्वयंपाकघर मात्र लावून घेतलं. वरच्या फळीवरचे डबे ओट्यावर आले. पिठाचा मोठा डबा गेला, दोन लहान आले. वाळत घालायची दोरी खांद्याच्या उंचीवर बांधली. कुकरचं झाकण, नारळ फोडणं, भरलेली कळशी ही कामं ह्यांच्याकडे. पोळ्या मीच लाटते, लाटण्याच्या पुढे-मागे करण्यानं खांदा मोकळा होतो. फक्त कणीक मळून घेते दुसऱ्या कुणाकडून.

१ मार्च

कातडी भरून आली. डॉक्टरांनी पाहून पॅड लावायला हो म्हटलं, आधी दिवसातून थोडा वेळ.

वजनासाठी सासूबाईंनी राई सुचवली. बाळाच्या डोक्याखाली राईची उशी ठेवतात, ती आकार धरते आणि गरम होत नाही. घरातली मोहरी घेतली, १०० ग्रॅम. मलमलच्या पुरचुंडीत भरून फायबरच्या खाली ठेवली. काय फरक पडला! वाकले, उठले, जिना चढले, पॅड जागेवर. मोहरीचे दाणे सरकतात, त्यामुळे आडवं झालं की ते पसरतात आणि उभं राहिलं की तळाशी उतरतात, शरीरासारखंच. उजवा खांदा आपसूक खाली आला. संध्याकाळी मान दुखली नाही, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं आणि डोळे भरून आले.

१२ मार्च

राई बाद करावी लागली. कोल्हापुरात ऊन तापायला लागलंय, छातीखाली घाम येतो. पुरचुंडी ओलसर राहायला लागली आणि तिला कुबट वास यायला लागला. उन्हात वाळवली, वास गेला, पुन्हा आला. आज उघडली तर तळाचे दाणे फुगलेले, एकदोन मोडही आलेले. नुकत्या भरलेल्या कातडीवर असलं काही नको. लगेच टाकून दिली आणि पॅड उकळत्या पाण्यातून काढलं.

थंडीत, थोड्या वेळापुरतं, दर आठवड्याला मोहरी बदलायची तयारी असेल तर राई चालेल. रोजच्या वापराला नाही. तांदूळ, नाचणी यांचंही तेच होणार, त्यामुळे ते करून पाहिले नाहीत. ह्यांनी सायकलच्या बेअरिंगचे छर्रे आणले होते, पण घामानं लोखंड गंजेल, म्हणून तेही नाही. न कुजणारं, न गंजणारं, धुता येणारं आणि टोचणार नाही असं जड काहीतरी हवं.

२२ मार्च

उत्तर पटवेकऱ्याच्या दुकानात सापडलं. मंगळसूत्र ओवून घ्यायला गेले होते. केमोत बोटं सुजली तेव्हा दागिने काढून ठेवले होते, दोरा जुना झाला होता. समोर काळ्या मण्यांच्या लडी. काच! काच कुजत नाही, गंजत नाही, आणि मोहरीच्या निम्म्याहून कमी जागेत तेवढंच वजन मावतं. बारीक गोल मणी सुटे मागितले, १५० ग्रॅम, १४० रुपये. प्लास्टिकचे नकोत हे सांगून घ्या. दिसायला सारखेच असतात, हातात घेतले की हलके लागतात.

पुरचुंडीत सुटे टाकले तर सगळे एका कोपऱ्यात जमून गोटा झाला. मग अर्धचंद्राची मलमलची दुहेरी पिशवी शिवली आणि तिच्यावर गोधडीसारखे उभे धावते टाके घालून सहा कप्पे पाडले. प्रत्येकात थोडे थोडे मणी, कप्पा पाऊण भरेल इतकेच. घट्ट भरले तर पिशवी फळीसारखी ताठ होते. ही चंद्रकोर पॅडच्या तळाशी, पाठीच्या चकतीला लागून. तिच्यावर आणि पुढे फायबर, म्हणजे मणी ना कातडीला लागतात ना बाहेरून जाणवतात.

दुसऱ्या बाजूइतकंच वजन करायचं म्हणून आधी सगळे मणी भरले. संध्याकाळी ब्रेसियरचा पट्टा खांद्यात रुतून लाल वळ उठला. गाठी काढलेल्या बाजूच्या खांद्यावर असा दाब चालत नाही, तिथूनच हातातलं पाणी वर जायचं असतं. काढत काढत ११० ग्रॅम मण्यांवर आले, फायबर आणि सूत धरून पूर्ण पॅड साधारण १५० ग्रॅम. ब्लाऊज खाली बसलं आणि पॅड सरकलं नाही की तेवढं वजन पुरे. दोन्ही बाजू तोलून सारख्या करायच्या भरीला पडू नका. पट्टाही बदलला, दोन बोटं रुंद सुती पट्टी जोडली.

रोज झोपण्याआधी हात मोजते. कोपराच्या वर आणि खाली १० सें.मी.वर टेप, दोन्ही हातांना. दोन सें.मी.हून जास्त फरक पडला तर लगेच या, असं फिजिओच्या मॅडमनी सांगितलंय. वळ उठला त्या रात्री मनगटाशी बांगडी घट्ट वाटत होती. दुसऱ्या दिवशी पॅड लावलं नाही, हात उशीवर उंच ठेवला, उतरलं. आता उजव्या हातात बांगड्या घालत नाही.

३० मार्च

पाडवा. आज दिवसभर पॅड लावून साडी नेसले. त्याआधी ब्लाऊजचं काम शिंपीणबाईंकडे झालं, ते लिहिते, कारण पॅड कितीही छान असलं तरी ब्लाऊज जुनंच असेल तर उपयोग होत नाही.

हुक पुढे. पाठीमागे हात अजून पोचत नाही. गळा उजवीकडे दोन इंच वर घेतला. स्तन काढल्यावर गळ्याच्या हाडाखालीही खळगा पडतो आणि वाकलं की तिथे कापड उघडं पडतं. मुंढा अर्धा इंच सैल, बाही कोपरापर्यंत आणि ढगळ. आत पॅडला टिचबटणांची जोडी, वर एक आणि काखेच्या बाजूला एक. बटणं अस्तराला लावायची, म्हणजे कातडीला धातू लागत नाही. एका ब्लाऊजला ८० रुपये घेतले.

शिंपीणबाई माप घेताना म्हणाल्या, "ताई, आधी सांगायचं न्हवं का. आमच्या गल्लीतली एक बाई वर्षभर शाल पांघरून फिरतीया, उन्हातसुदीक." त्यांना हेच ब्लाऊज नमुना म्हणून ठेवून घ्यायला सांगितलं. शिवणाऱ्या बाईला एकदा हे कळलं की ती दहा जणींचं काम सोपं करते.

गुढीची काठी ह्यांनी उभी केली. गाठी आणि कडुलिंबाची डहाळी मी बांधली, उजव्या हातानं, खांद्याच्या वर हात नेऊन. काखेतली दोरी ताणली गेली पण अडवलं नाही तिनं.

काखेजवळ मात्र अजून पोकळ दिसतं. गोल पॅड तिथवर पोचतच नाही.

१९ एप्रिल

दुसरं पॅड झालं, त्यात काखेकडे शेपूट काढलं. ८४ चा गोल झाल्यावर एका बाजूच्या १४ खांबांवर पुढे-मागे ओळी विणल्या, दर ओळीला दोन्ही टोकांना एकेक कमी करत ४ खांब उरेपर्यंत. पाठीच्या चकतीलाही तसंच. शेपटात फायबर अगदी विरळ, मणी नाहीत. काखेचा खळगा भरला. उजवं-डावं बघून जोडा, उलटं जोडलं तर शेपूट छातीच्या मधे येतं.

धुणं: मण्यांची पिशवी बाहेर काढायची, पॅड कोमट पाण्यात साध्या साबणानं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवं. फायबरचे गोळे झाले तर पिंजून परत भरायचा. मण्यांची पिशवीही धुते, ती तासाभरात वाळते. दोन पॅड लागतातच, एक वाळेपर्यंत दुसरं.

आतापर्यंतचा खर्च: सूत ३२०, फायबर ७०, मणी १४०, टिचबटणं आणि पट्टी ४५, तीन ब्लाऊजची दुरुस्ती २४०. एकूण ८१५ रुपये. ॲक्रिलिकचे ११० वेगळे. मलमल घरचं. सर्वांत जास्त वेळ राईत गेला. मणी आधी सुचले असते तर मार्च वाचला असता.

अजून न सुटलेलं: उन्हात दुपारी पाठीची चकती ओली होते. पाठीमागे सुती जाळी विणून बघणार आहे, एक खांब आणि एक साखळी अशी, म्हणजे वारा लागेल. शिंपीणबाईंच्या गल्लीतल्या त्या बाईंचा निरोप आला, त्यांची डावी बाजू आहे आणि माप ९६ चं बसेल असं वाटतंय. सूत उरलेलं पुरणार नाही, एक गुंडा आणावा लागेल.